आधी वेलांटी

कापूरहोळच्या फाट्यावर माझं दुकान आहे. एका हाताला पंक्चरवाला, दुसऱ्या हाताला बॅटरीवाला आणि मध्ये मी, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. तिघांचा धंदा एकच, बंद पडलेलं चालू करून द्यायचं. फरक इतकाच की पंक्चरवाला गिऱ्हाइकाला न विचारता ट्रकचं इंजिन बदलत नाही. मी बदलायचो.

त्याचं असं झालं. पुण्यात एका रविवारी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं शिबिर होतं. दुपारचं जेवण फुकट, म्हणून गेलो. जेवणात श्रीखंड होतं. संध्याकाळी परतलो तो लिनक्सचा भक्त होऊनच. कॉम्प्युटरच्या पोटात आधी एक मूळ प्रणाली बसवावी लागते, तिच्या जिवावर बाकी सगळं चालतं. बहुतेकांच्या पोटात विंडोज असतं, आणि आमच्या भागात ते बहुतेक वेळा चोरून टाकलेलं असतं. माझ्या पोटात श्रीखंड होतं आणि डोक्यात लिनक्स. ते कुणाच्या मालकीचं नाही, फुकट आहे, त्याला व्हायरस लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ते फाट्यावर दुसऱ्या कुणाला येत नाही. हे शेवटचं कारण मी कधी मोठ्यानं बोललो नाही.

त्या दिवसापासून दुकानात आलेल्या माणसाला मी आधी लाज आणायचो. मग मशीन उघडायचो. व्हायरस काढायला आलेल्या एका निवृत्त ग्रामसेवकांना मी चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं, "काका, आयुष्यभर सरकारची नोकरी केलीत, आणि घरात चोरीचा माल?" काकांनी इकडेतिकडे पाहिलं. गुन्हा कबूल केल्यासारखं मशीन माझ्याकडे सरकवलं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

हायवेवरच्या ढाब्याचा मालक मात्र लाजणाऱ्यातला नव्हता. त्याचं बिलाचं मशीन हळू चालायचं. मी ते धुऊनपुसून त्यात लिनक्स टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी तो मशीन बगलेत मारून आला.

"माझं बिलाचं कुठं गेलं? आन् हे बदक कुणाचं?"

"बदक नाही, पेंग्विन आहे. लिनक्सची खूण आहे ती."

"अंडी देतंय का?"

"मालक, हे स्वातंत्र्य आहे."

"भाड्या, हितं गिऱ्हाईक बिल मागतंय. त्याला काय स्वातंत्र्य वाढू? बदक काढ आधी."

मी काढलं नाही. तीन दिवस त्याला तत्त्व समजावलं. तीन दिवस त्यानं कागदावर बिलं केली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला माझं नाव घेऊन शिव्या ऐकवल्या. शेवटी तो पुण्याहून दुसरं मशीन घेऊन आला. आजही माझ्या दुकानासमोरून जाताना "क्वॅक" करून जातो.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. ज्यांचं नुकसान झालं ते शिव्या देऊन मोकळे झाले. वहिनीचं तसं नव्हतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वेल्ह्याला एका सरकारी कचेरीत कारकून होता. नोकरीत असतानाच गेला, पंचेचाळिशीही नव्हती. त्याची खुर्ची वहिनीला मिळाली, अनुकंपा तत्त्वावर. अनुकंपा हा शब्द सरकारनं फार विचार करून निवडलाय. त्यात दया आहे आणि दयेला मुदत आहे. दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाही झाली तर नोकरी जाणार. कचेरीतल्या मोठ्या बाबूंनी तिला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यानंतर दर सोमवारी आठवण करून द्यायचे. घरात दुसरी मिळकत म्हणजे वेल्ह्याकडच्या पाली गावाच्या अलीकडची दीड एकर भाताची खाचरं. मुलगी बारावीला. म्हणजे सगळं त्या तीस शब्दांवर आलं होतं.

पहिलं वर्ष दुःखात आणि फायली समजून घेण्यात गेलं. मग वहिनी म्हणाली, "भावजी, परीक्षेचा फॉर्म भोरच्या क्लासातूनच भरावा लागतोय. भरलाय. शनवार-रविवार तितंच शिकायला जाते."

"कशाला?" मी म्हणालो. "घरात कॉम्प्युटरवाला दीर असताना क्लास? लोक काय म्हणतील?"

लोक काही म्हणणार नव्हते. लोकांना पत्ताही नव्हता. पण भोरच्या त्या क्लासच्या सरांवर माझा जुना राग होता. त्यांच्या वीसच्या वीस मशीनवर विंडोज होतं, आणि मी एकदा बदलून देतो म्हणून गेलो तेव्हा त्यांनी मला चहा पाजून वाटेला लावलं होतं. चहा चांगला होता, तरी राग होताच.

मी वहिनीच्या घरी मशीन नेलं. जुनंच होतं, पण त्यात ताजं लिनक्स होतं. टेबल मांडलं तर शेणानं सारवलेल्या जमिनीवर ते डुगडुगायला लागलं. खाली घालायला काहीतरी शोधत होतो, तेवढ्यात वहिनीनं कपाटातून एक पुठ्ठा काढला. साडीच्या खोक्याचं झाकण. त्यावर निळ्या शाईनं गोल गोल काढून प्रत्येकात एकेक अक्षर लिहिलेलं.

"तुमच्या भावाचा हाय," ती म्हणाली. "नवीन लग्न झालं तवा ते परीक्षेला बसले होते. मशीन कुठलं तवा घरात? ह्याच्यावर बोटं आपटायचे आन् मी समोर बसून घोकून घ्यायची. म्हून मला बी जागा ठाव्या हायत. आधी वेलांटी, मग अक्षर."

हे जरा सांगायला पाहिजे. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी कागदावर क-च्या आधी येते. जुन्या टाइपरायटरवर म्हणून आधी वेलांटी दाबायची आणि मग क. भावाच्या घरात 'आधी वेलांटी' ही एक थट्टाच होऊन बसली होती. तो सदरा घालायच्या आधी टोपी घालायचा तेव्हा वहिनी म्हणायची, "झाली, आधी वेलांटी." चुलीवर भांडं ठेवायच्या आधी मीठ हातात घेऊन उभी राहिली की तो तिला म्हणायचा.

मी पुठ्ठा हातात घेतला आणि शिबिरातलं सगळं ज्ञान तिच्यापुढे ओतलं. वहिनी, ही टाइपरायटरची पद्धत झाली. लिनक्सवर मराठीसाठी इनस्क्रिप्ट असतं. शास्त्रशुद्ध. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. जसं बोलतो तसं लिहायचं, आधी क, मग वेलांटी. आणि शेवटी म्हणालो, "हा मेलेल्या मशीनचा कीबोर्ड आहे. ह्याचा आता काय उपयोग?"

'मेलेल्या' हा शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आला. वहिनीला आधीच ऐकू आला होता. मी घाईघाईनं पुठ्ठ्याच्या चार घड्या केल्या आणि टेबलाच्या पायाखाली सारल्या. टेबल अगदी पक्कं बसलं. मी हलवून दाखवलंसुद्धा.

मग तिनं एकच प्रश्न विचारला. "परीक्षेला हेच असतंय ना, भावजी?"

मला माहीत नव्हतं. हे वाक्य इतकं सोपं आहे, आज लिहिताना चार शब्दही लागले नाहीत. तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, इनस्क्रिप्ट हे सरकारनंच ठरवलेलं आहे. खुद्द सरकारनं! मग सरकार आपली परीक्षा दुसऱ्या कशावर कशाला घेईल?"

"तुमी भाषणाला लागलात की शहरातलं बोलाय लागता," वहिनी म्हणाली. पण तिचा विश्वास बसला. सरकार एकाच डोक्यानं चालतं असं कचेरीत वर्ष काढलेल्या बाईलाही वाटावं, यात माझ्या वक्तृत्वाचा भाग किती होता ते तुम्हीच ठरवा.

वहिनी शिकली. कशी शिकली म्हणता! वेल्ह्याहून शेवटच्या गाडीनं यायची, भाकरी टाकायची आणि बसायची. आधीच्या जागा बोटांतून काढून टाकायला तिला महिना लागला. बोटं सवयीनं वेलांटीकडे आधी जायची आणि मी मागून ओरडायचो, "आधी अक्षर!" एकदा तर मी तिच्या हातावर पट्टी मारली. लाडात, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. क्लासच्या सरांचा दोनदा फोन आला, सरावाला या म्हणून. वहिनीनं मला विचारलं. मी म्हणालो, "त्यांना फी सोडवत नाही." सर फी आधीच घेऊन बसले होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. मिनिटाला छत्तीस शब्दांवर वहिनी आली तेव्हा मी बॅटरीवाल्याला पेढा दिला.

परीक्षा भोरलाच होती. मी सोबत गेलो. वहिनी आत गेली आणि मी समोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसून इतर परीक्षार्थींच्या आईबापांना लिनक्स समजावून सांगायला लागलो. एका गृहस्थांची मुलगी चौथ्यांदा बसत होती. त्यांना म्हणालो, "चूक मुलीची नाही, तिला शिकवणाऱ्याची आहे." या वाक्याचं पुढं माझ्या घरात काय होणार होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नव्हतं आलं. मी भज्यांची दुसरी प्लेट मागवली.

वहिनी सगळ्यांच्या आधी बाहेर आली. मला वाटलं, लवकर संपवलं. मी त्या गृहस्थांना कोपरानं ढोसलं, बघा म्हणून.

ती टपरीपाशी आली. माझ्या हातातल्या भज्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"भावजी, वेलांटी आधी हाय."

परीक्षेच्या मशीनवर अक्षरांच्या जागा जुन्या टाइपरायटरच्याच होत्या. विंडोज तर होतंच. उतारा सरकारी पत्राचा होता आणि पहिलाच शब्द 'विषय'. तिनं मी शिकवल्याप्रमाणे बोटं टाकली आणि पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. मग तिनं पुठ्ठा आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटून. पण बोटांना माझी पट्टी आठवत होती. दहा मिनिटांत दोन ओळी झाल्या. हे तिनं मला तेव्हा सांगितलं नाही, नंतर जावेला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. बायकोनं मला ते बऱ्याचदा ऐकवलं आहे, त्यामुळे मला पाठ आहे.

परतीच्या एसटीत वहिनी खिडकीपाशी बसली आणि शेजारच्या सीटवर तिनं पिशवी ठेवली. मी भोरपासून कापूरहोळपर्यंत उभा. कंडक्टर म्हणाला, "ताई, पिशवी घ्या मांडीवर, पाहुणे उभे हायत." वहिनी म्हणाली, "उभंच ऱ्हाऊ द्या त्यांना."

आता एकच परीक्षा उरली होती, सहा महिन्यांनी. तिच्यानंतर महिन्याभरात मुदत संपत होती. मोठ्या बाबूंना निकाल कळला तेव्हा त्यांनी सोमवारची वाट न बघता बुधवारीच आठवण करून दिली.

त्या आठवड्यात वहिनी दुकानात आली. गावाहून नसरापूर, नसरापूरहून कापूरहोळ, मांडीवर मशीन घेऊन. ते तिनं माझ्या काउंटरवर असं ठेवलं की पेनाचा डबा खाली पडला. दुर्दैवानं ढाब्याचा मालक तिथंच होता, पंक्चर काढेपर्यंत सावलीला थांबलेला.

"आलं का बदक माघारी?" तो म्हणाला.

वहिनी माझ्याकडेच बघत होती. "भावजी, ह्याच्यावर जुन्या जागा बसत न्हाईत का?"

इथं मी गप्प राहायला हवं होतं. पण कुणी लिनक्सवर शंका घेतली की माझा स्वतःवर ताबा राहत नाही. मी ताडकन म्हणालो, "बसतात की! लिनक्सवर सगळं बसतं. टाइपरायटरच्या जागासुद्धा. दोन मिनिटांचं काम आहे."

ढाब्याचा मालक माझ्याकडे बघायला लागला.

"दोन मिन्टं," वहिनी म्हणाली.

"हो. म्हणजे नुसतं सेटिंग..."

"मग तवाच का न्हाई बसवलं?"

उत्तर माझ्याकडे होतं. इनस्क्रिप्ट जास्त शुद्ध आहे, म्हणून. म्हणजे तिची नोकरी, मुलीचं शिक्षण, हे सगळं एका पारड्यात, आणि व्यंजनं उजव्या हाताला असावीत ही माझी आवड दुसऱ्यात. आणि मी आवड निवडली होती. लिनक्सची काही चूक नव्हती, विंडोजचीही नव्हती. दोघांनीही तिला हवं ते दिलं असतं. मध्ये मी बसलो होतो.

"देतो ना आता बसवून," मी म्हणालो.

"नको. ऱ्हाऊ द्या हितंच. पूजा करा त्याची." ती वळली. ढाब्याचा मालक उठून तिला वाट देत म्हणाला, "बाई, माझं तर नुसतं बिल गेलं." आयुष्यात पहिल्यांदा तो "क्वॅक" न करता गेला. मला ते जास्त लागलं.

मग दर शनिवार-रविवार पुण्याची पोरं गड चढायला गाड्या भरून वर यायची आणि वहिनी त्याच रस्त्यानं खाली भोरला जायची, तीन गाड्या बदलून. मी मधल्या फाट्यावर. कधी ती दिसायची. मी हात करायचो. ती बसमध्ये जागा शोधत असायची.

एकदा दिवेलागणीला मी तिच्याकडे गेलो. त्याच मशीनवर विंडोज टाकून नेलं होतं. रीतसर विकत घेतलेलं, जुन्या टाइपरायटरच्या जागा बसवलेलं. माझ्या हातानं विंडोज! वाटेत मला वाटत होतं की हा त्याग तिला दिसेल. दारातून पाहिलं तर टेबल तिरकं उभं होतं. खालचा पुठ्ठा काढलेला. घड्या उलगडून तो टेबलावर पसरला होता, घड्यांचे चार चौकोन पडलेले, आणि घडीवर आलेली अक्षरं वहिनीनं पुन्हा पेनानं गिरवली होती. ती त्याच्यावर बोटं आपटत होती. समोर मुलगी पुस्तक धरून मोठ्यानं शब्द सांगत होती. भावाच्या वेळी वहिनी बसायची त्याच जागी.

"मशीन आणलंय," मी म्हणालो. "विंडोज टाकून."

"ठेवा कोपऱ्यात." बोटं थांबली नाहीत.

"टेबल हलतंय, वहिनी."

"हलू द्या."

मी मशीन कोपऱ्यात ठेवलं. चहा कुणी विचारला नाही. मुलगी म्हणाली, "आई, 'निविदा'." वहिनीची बोटं आधी वेलांटीकडे गेली.

निकाल मला घरातून कळला नाही. भोरच्या चौपाटीवर, म्हणजे तिथल्या चौकात, क्लासचे सर भेटले. "अभिनंदन हो, तुमच्या वहिनी पास झाल्या. मुदत संपायला अकरा दिवस बाकी होते. हुशार बाई. फक्त तुम्ही शिकवलेलं विसरायला त्यांचे दोन महिने गेले." आणि मला चहा पाजला. माझा राग अजून आहे, पण आता तो ठेवायला जागा नाही.

परवा वेल्ह्याच्या त्या कचेरीत गेलो होतो. त्यांना कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी माणसांची यादी करायची आहे. यादीत नाव लागलं तर वर्षभर काम मिळेल, आणि फाट्यावर माझी जी कीर्ती आहे ती पाहता मला कामाची गरज आहे. अर्ज घेऊन वहिनीच्या टेबलापाशी गेलो. भावाचीच खुर्ची. तिनं अर्ज पाहिला.

"हातानं लिवलेला चालत न्हाई. टाइप करून पायजे."

"वहिनी, चार ओळी आहेत. तुम्ही मिनिटात..."

"ते माझं काम न्हाई. अर्जदारानं करायचं. ते मशीन मोकळं हाय. आज पाचला यादी बंद होतीय."

घड्याळात साडेचार. मशीनवर विंडोज, जागा टाइपरायटरच्या. कीबोर्डवर मराठी अक्षरं छापलेली नव्हती. मी दोन बोटांनी चाचपडायला लागलो. मोठे बाबू खुर्ची वळवून बघायला लागले. शिपाई पाण्याचा जग घेऊन तिथंच उभा राहिला. अर्जाचा पहिला शब्द होता 'विषय'. मी व शोधला, दाबला. वेलांटी शोधली, दाबली. ष सापडला. य सापडला.

पडद्यावर आलं: 'वषिय'.

वहिनी मागे येऊन उभी राहिली होती. मनगटावर भावाचं घड्याळ, पट्ट्याला दोन भोकं जादा पाडलेलं. ती त्यात बघत होती.

"एक मिनिट झालं," ती म्हणाली. "एक शब्द. तोबी चुकला."

मोठे बाबू हसले. शिपाई हसला. आणि मी, खरं सांगतो, तेव्हाही सांगायला तोंड उघडलंच होतं की इनस्क्रिप्टवर असतं तर असं झालं नसतं. मान वळवून वर पाहिलं. वहिनी वाटच बघत होती त्या वाक्याची.

मी तोंड मिटलं. शब्द खोडला. आणि वेलांटी कुठं होती ते पुन्हा शोधायला लागलो.

"पाचपर्यंत हाय मुदत," वहिनी म्हणाली, आणि फिरून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.